माग घ्यायचा की मजुरीवर विणून घ्यायचं? निर्णय स्प्रेडशीटवर मांडायची पद्धत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात टॉवेलच्या बहुतेक कारखान्यांत आता कॉम्प्युटर असतो आणि त्यावर एक्सेलही असतं. त्यात सुताचा स्टॉक, पार्ट्यांची उधारी, कामगारांचा पगार, म्हणजे झालेल्या गोष्टींची नोंद असते. पुढे काय करावं हे मात्र कॅल्क्युलेटरवर किंवा बिलाच्या कोऱ्या बाजूला ठरतं. तीच शीट पुढचा निर्णय घ्यायला कशी वापरायची, हे इथे एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत करून दाखवलं आहे. एक मॉडेल पूर्ण उभं केलं की दुसरं आपोआप जमू लागतं. वीस फंक्शनं सुटी सुटी पाठ करून जमत नाही.

एक गोष्ट आधीच. उदाहरणातले दर आणि खर्च मांडणी समजावी म्हणून धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण शीटमध्ये आकडे, सेलची अक्षरं आणि फंक्शनची नावं इंग्रजीतच टाइप करा. देवनागरीत टाकलेला आकडा शीट मजकूर समजू शकते आणि बेरजेत तो गुपचूप गळतो. शंका आली तर ‘इझनंबर’ फंक्शन त्या सेलवर लावा. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर तो आकडा नाही.

प्रश्न आधी, शीट नंतर

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यात ‘की’ असलाच पाहिजे. “धंदा वाढवावा का?” हा प्रश्न मॉडेलला झेपत नाही. “दोन जुने रॅपिअर माग जेकार्डसह ३० लाखांत घ्यावेत, की तेवढाच माल आत्तासारखा बाहेर मजुरीवर विणून घ्यावा?” हा झेपतो. (रॅपिअर म्हणजे धोट्याशिवाय आडवा धागा नेणारा माग, जेकार्ड म्हणजे त्यावर नक्षी विणणारी जोडणी.)

आता दोन्ही बाजूंना सारखं काय आहे ते खोडायला घ्या. टॉवेलचा विक्रीभाव दोन्हीकडे तोच. सूत तेच, रंगाई तीच, पाइल आणि ग्राउंडचे (टॉवेलच्या लूपचे आणि पायाच्या विणीचे) बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, दोन्हीकडे आपणच भरून देतो, शिलाई आणि पॅकिंगही तेच. हे सगळं मॉडेलच्या बाहेर. नवखा माणूस टॉवेलची पूर्ण कॉस्टिंग मांडायला बसतो, शंभर ओळी होतात आणि त्यातल्या ऐंशी ओळींचा या निर्णयाशी संबंध नसतो. सुताचा भाव किलोला वीस रुपयांनी वाढला तर धंद्याला घाम फुटेल, पण माग घ्यायचा की नाही हे त्याने जवळजवळ बदलत नाही. सूत आत येतं ते एकाच दाराने, घटीच्या. बाहेर विणताना किलोमागे ४० ग्रॅम वाया जात असेल आणि आपल्या देखरेखीखाली ३० ग्रॅम, तर २३० रुपये भावाने किलोला २ रुपये ३० पैसे वाचतात.

उलट, ज्यांचं बिल येत नाही असे काही खर्च आत घ्यावे लागतात. शेड स्वतःची आहे म्हणून भाडं शून्य धरतात. पण ती शेड महिना १०,००० रुपयांनी कुणी घ्यायला तयार असेल, तर माग बसवल्यावर ते भाडं बुडणार, आणि तो खर्चच आहे. शेड नाहीतरी रिकामीच पडणार असेल तर शून्य बरोबर. आधीच भरलेलं डिपॉझिट, मागच्या वर्षी ओढलेली वीजलाइन मात्र विसरा. निर्णय कोणताही घेतला तरी ते पैसे परत येत नाहीत.

तीन शीट आणि एक शिस्त

फाइलमध्ये तीन शीट करा: ‘माहिती’, ‘हिशेब’ आणि ‘निकाल’. बाहेरून येणारा प्रत्येक आकडा फक्त ‘माहिती’ शीटवर, एका सेलमध्ये एकच, निळ्या अक्षरात. ‘हिशेब’ शीटवर फक्त सूत्रं, काळ्या अक्षरात. सूत्राच्या पोटात हाताने टाकलेला आकडा दिसला की तो बाहेर काढून ‘माहिती’त ठेवा. वर्षभराने मजुरी ३८ वरून ४१ झाल्यावर सूत्रात लपलेला ३८ सापडत नाही, आणि निम्मं मॉडेल जुन्या दराने तर निम्मं नव्या दराने चालतं.

‘माहिती’ शीटला चार कॉलम हवेत: नाव, आकडा, एकक, आणि आकडा कुठून आला. चौथा कॉलम लोक गाळतात, आणि खरी किंमत त्याचीच असते. ‘मोजला’, ‘बिलावरून’, ‘विक्रेत्याने सांगितला’, ‘अंदाज’ एवढ्या चार शब्दांतला एक लिहिला तरी पुरे. पुढे कुठला आकडा खणून काढायचा हे त्यावरून ठरतं.

| नाव | आकडा | एकक |
|---|---|---|
| मागाची गती | २०० | पिक (आडवे धागे) प्रति मिनिट |
| विणीची घनता | ४५ | पिक प्रति इंच |
| एफिशियन्सी (प्रत्यक्ष पिक ÷ पूर्ण गतीचे पिक) | ७५ | टक्के |
| रुंदीत टॉवेल | ३ | नग |
| मागावर एका टॉवेलची लांबी | ६४ | इंच |
| एका टॉवेलचं वजन | ४५० | ग्रॅम |
| चालू तास | २० | रोज |
| चालू दिवस | २६ | महिना |
| माग | २ | नग |
| कामाचं प्रमाण (क्षमतेच्या किती काम मिळालं) | १०० | टक्के |
| बाहेरची विणाई मजुरी | ३८ | रुपये प्रति किलो |
| घटीतली बचत | २.३० | रुपये प्रति किलो |
| एका मागाला वीज | ४ | युनिट प्रति तास |
| वीजदर | ८ | रुपये प्रति युनिट |
| कामगार, दोन पाळ्यांत मिळून २ | ३६,००० | रुपये महिना |
| जॉबर (माग दुरुस्त-चालू ठेवणारा) | १०,००० | रुपये महिना |
| सुटे भाग, तेल | १२,००० | रुपये महिना |
| बुडालेलं भाडं | १०,००० | रुपये महिना |

४५० ग्रॅम हे वजन ताडून पाहता येतं. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर, आणि ४०० जीएसएमने (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) ४५० ग्रॅम. रंगीत सुताचा माल असल्याने मागावरून उतरल्यावरचं आणि तयार वजन इथे सारखं धरलं आहे. माल विणून झाल्यावर ब्लीचला जात असेल तर वजन उतरतं, आणि मजुरी कोणत्या वजनावर मोजली जाते हे आधी विचारून घ्या.

वीजदर टॅरिफच्या कागदावरून घेऊ नका. मागच्या सहा बिलांची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, असा दर काढा. मात्र डिमांड चार्ज माग बंद असला तरी लागतो. तो मोठा असेल तर त्याची वेगळी ओळ करून स्थिर खर्चात टाका.

दोन माग महिन्याला किती किलो देतात

‘हिशेब’ शीटवर एका ओळीत एकच पायरी. सगळं एका लांबलचक सूत्रात कोंबलं तर चूक कुठे झाली ते कळत नाही.

ताशी इंच = गती × ६० × एफिशियन्सी ÷ विणीची घनता = २०० × ६० × ०.७५ ÷ ४५ = २००

ताशी टॉवेल = ताशी इंच ÷ लांबी × रुंदीतले नग = २०० ÷ ६४ × ३ = ९.३७५

महिन्याचे तास = २० × २६ = ५२०

एका मागाचे टॉवेल = ९.३७५ × ५२० = ४,८७५

दोन मागांचे किलो = ४,८७५ × २ × ०.४५० = ४,३८७.५

यातला सगळ्यात निसरडा आकडा एफिशियन्सीचा. माग विकणारा ८५ टक्के सांगेल, आणि ते कुठेतरी खरंही असेल. तो मोजता येतो. त्याच जातीचा माग ज्यांच्याकडे चालू आहे तिथे एका पाळीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं पिक काउंटर टिपा. दहा तासांच्या पाळीत २०० गतीने १,२०,००० पिक पडायला हवेत. काउंटरवर ९०,००० पडलेले दिसले तर एफिशियन्सी ७५ टक्के. एका पाळीवर थांबू नका. दिवसपाळी, रातपाळी आणि बीम बदलायचा दिवस, तिन्ही घ्या. आणि शक्य असेल तर एप्रिल-मे मधला आकडा वेगळा मिळवा. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. हवेत ओलावा कमी झाला की कापसाच्या सुताची ताकद उतरते, तार जास्त तुटते, माग जास्त वेळा थांबतो. खात्यात ओलावा राखायची सोय नसेल तर बाराही महिने ७५ धरणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं आहे.

दुसरी चूक दुहेरी वजावटीची. जेवणाची सुट्टी आणि बीम बदल वजा करून चोवीसाचे वीस तास केले असतील, तर तोच वेळ एफिशियन्सीतून परत कापू नका. कुठलं थांबणं तासांत मोजलं आणि कुठलं एफिशियन्सीत, हे चौथ्या कॉलमात लिहून ठेवा.

महिन्याचा हिशेब

३० लाखांपैकी कर्ज २२.५ लाखांचं, दर ११ टक्के, मुदत ६० महिने. हप्त्यासाठी ‘पीएमटी’ फंक्शन:

= −पीएमटी(११%/१२, ६०, २२५००००) = ४८,९२०

उणे चिन्ह यासाठी की फंक्शन हप्ता उणे दाखवतं. दर बाराने भागायचा राहिला तर हप्ता अडीच लाखांच्या आसपास येतो. तो बघून तरी चूक कळावी. न कळणारी चूक वेगळीच आहे. विक्रेत्याच्या ओळखीचा फायनान्सवाला “११ टक्के फ्लॅट” म्हणतो. फ्लॅटने व्याज पूर्ण मुद्दलावर पाचही वर्षं: १२,३७,५०० रुपये, हप्ता ५८,१२५. ‘रेट’ फंक्शनमध्ये ६० महिने, उणे ५८,१२५ आणि २२,५०,००० टाकून बाराने गुणा. खरा दर १८.८ टक्क्यांच्या घरात निघतो.

आता मागाला पूर्ण काम आहे असं धरून:

बाहेरची मजुरी आणि घट वाचली = ४,३८७.५ × ४०.३० = १,७६,८१६

वीज = ५२० × २ × ४ × ८ = ३३,२८०

स्थिर खर्च = ६८,०००

हप्त्याआधीची बचत = ७५,५३६

हप्ता भरून हातात = २६,६१६

‘कामाचं प्रमाण’ ही ओळ किलोला आणि विजेला गुणते. स्थिर खर्चाला आणि हप्त्याला ती लागत नाही. कामगाराला काम नसेल त्या आठवड्याचे पैसे देत नसाल तर ‘कामगार’ ओळीलाही लावा. पण सुटलेला चांगला कामगार परत मिळत नाही हे सोलापुरात सांगायला नको, म्हणून इथे पगार स्थिर धरला आहे.

पुढे जाण्याआधी मॉडेलला टोकाचे प्रश्न विचारा. कामाचं प्रमाण शून्य केलं की उत्तर बरोबर उणे १,१६,९२० यायला हवं: ६८,००० अधिक ४८,९२०. मजुरी एक रुपयाने वाढवली की उत्तर ४,३८७.५ ने वाढायला हवं, कारण तेवढेच किलो आहेत. पैशाचाही फरक आला तर कुठलं तरी सूत्र भलत्या सेलकडे बघतंय. ही तपासणी दोन मिनिटांची, पण ती न करता केलेल्या सुंदर तक्त्यावर विश्वास ठेवू नये.

कुठल्या आकड्याने निर्णय हलतो

एकेक आकडा एका पायरीने हलवा, हातातल्या रकमेत पडलेला फरक बाजूला लिहा आणि आकडा परत जागेवर ठेवा. आपल्या उदाहरणात असं दिसतं. बँकेचा दर ११ वरून १२ टक्के: महिना १,१३० चा फरक. पगार १० टक्क्यांनी वर: ३,६००. वीज युनिटला एक रुपयाने महाग: ४,१६०. एफिशियन्सी एका टक्क्याने खाली: २,३५८. कामाचं प्रमाण एका टक्क्याने खाली: १,४३५.

नुसता हा फरक पाहू नका, तो आकडा खरोखर किती हलू शकतो तेही पाहा. बँकेचा दर फार तर एखाद्या टक्क्याने हलेल. एफिशियन्सी ७५ धरली आणि ६५ निघाली असं सर्रास होतं. तेवढ्यावर हातात २६,६१६ ऐवजी ३,०४१ उरतात. तरीही लोक अर्ध्या टक्क्याच्या व्याजासाठी तीन बँकांचे उंबरे झिजवतात आणि पिक काउंटर बघायला एक पाळी थांबत नाहीत.

आता दोन आकडे एकदम हलवू. ‘माहिती’ शीटवरच एका मोकळ्या कोपऱ्यात तक्ता करा. एक्सेलचं ‘डेटा टेबल’ ज्या सेलना हलवतं त्या तक्त्याच्याच शीटवर असाव्या लागतात, दुसऱ्या शीटवर ते चालत नाही. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या सेलमध्ये हातातल्या रकमेचा दुवा द्या, आडव्या ओळीत मजुरीचे दर आणि उभ्या कॉलमात कामाची प्रमाणं लिहा. सगळा चौकोन निवडून ‘डेटा’ टॅब, ‘व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस’, ‘डेटा टेबल’. ‘रो इनपुट’मध्ये मजुरीची सेल, ‘कॉलम इनपुट’मध्ये प्रमाणाची.

| कामाचं प्रमाण | मजुरी ३४ | मजुरी ३८ | मजुरी ४२ |
|---|---|---|---|
| ७०% | −२८,७३० | −१६,४४५ | −४,१६० |
| ८०% | −१६,१३१ | −२,०९१ | ११,९४९ |
| ९०% | −३,५३२ | १२,२६३ | २८,०५८ |
| १००% | ९,०६६ | २६,६१६ | ४४,१६६ |

३८ आणि १०० टक्क्यांच्या चौकटीत मूळ उत्तर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर आडवं-उभं उलटं दिलं गेलं आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय ‘मल्टिपल ऑपरेशन्स’ नावाने मिळते. गूगल शीट्समध्ये तयार सोय नाही, तिथे प्रत्येक चौकटीचं सूत्र स्वतः लिहावं लागतं. त्यात डॉलर चिन्हाचं भान ठेवा: वरच्या ओळीतल्या दरासाठी बी$१, डावीकडच्या प्रमाणासाठी $ए२. चिन्ह चुकलं तर पहिली चौकट बरोबर आणि बाकी सगळ्या चूक, म्हणून नेहमी शेवटची चौकट हाताने पडताळा.

ना नफा ना तोटा कुठे, हे ‘गोल सीक’ (‘व्हॉट-इफ’मधलीच सोय) सांगतं: हातातली रक्कम शून्य करा, कामाचं प्रमाण बदलून. उत्तर ८१.४६ टक्के, म्हणजे महिना ३,५७४ किलो. आणि ९० टक्के काम पक्कं असेल तर मजुरी ३४ रुपये ८९ पैशांच्या खाली गेल्यावर आपला माग बाहेरच्यापेक्षा महाग पडू लागतो. मंदीत बाहेरचे मागवाले मजुरी उतरवतात आणि नेमकं तेव्हाच आपलंही काम घटतं. तक्त्यात म्हणूनच सरळ वर सरकू नका, डावीकडे तिरपे वर सरका: १०० टक्के-४२ वरून ९० टक्के-३८, तिथून ८० टक्के-३४.

सरासरी ९० टक्के काम आहे, मग?

मागच्या वर्षाच्या ऑर्डरींची सरासरी काढली आणि ती दोन मागांच्या क्षमतेच्या ९० टक्के निघाली. तक्ता सांगतो, महिना १२,२६३ उरतील. इथे भले भले फसतात.

समजा सहा महिने क्षमतेच्या १२० टक्के ऑर्डर होती आणि सहा महिने ६० टक्के. सरासरी ९०. पण माग १२० टक्के चालत नाही. तेजीच्या महिन्यात तो १०० वर थांबतो, वरचा माल बाहेरच विणून घ्यावा लागतो. मंदीच्या महिन्यात ६०. मागाला मिळालेलं काम सरासरी ८० टक्के, आणि तक्त्यात ८० समोर उणे २,०९१. तेच वर्ष, त्याच ऑर्डरी, आणि नफ्याचा तोटा झाला, फक्त सरासरी आधी काढल्यामुळे.

उपाय सोपा आहे. महिन्यांची सरासरी आधी काढायची नाही. प्रत्येक महिन्याला सूत्र लावायचं आणि सरासरी शेवटी काढायची. एक नवी शीट घ्या, ‘महिने’. मागच्या २४ महिन्यांची विणाई, किलोत, बिलबुकावरून एकाखाली एक उतरवा. शेजारच्या कॉलमात:

मागावर विणलं = मिन(त्या महिन्याची गरज, त्या महिन्याची क्षमता)

क्षमतेच्या कॉलमातच महिन्याप्रमाणे एफिशियन्सी आणि चालू दिवस बदला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) आठवड्यात, दिवाळीत, लग्नसराईत २६ दिवस भरत नाहीत. नव्या मागाचे पहिले दोन-तीन महिने तर अर्ध्या-पाऊण चालीनेच जातात. पुढच्या कॉलमात हातातली रक्कम, आणि त्यापुढे तिची चढती बेरीज.

त्या चढत्या बेरजेतला सगळ्यात खालचा आकडा ‘मिन’ने काढा. हप्ते थकू नयेत म्हणून बाजूला किती रक्कम हवी, ते तो सांगतो. वर्षाअखेरचा नफा चांगला दिसत असूनही चौथ्या महिन्यात हप्ता चुकणारे कारखाने असतात. त्यात वेळेचाही खेळ आहे. मजुरीवर विणून घेताना मजुरीचं बिल काही दिवसांनी दिलं तरी चालतं, आपल्या मागावरच्या कामगाराला आठवड्याला पैसे लागतात. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. आत्ता तुम्ही किती दिवसांनी देता ते बिलावरून काढा आणि तेवढी उधारी सुटणार हे पहिल्या महिन्यांच्या रोख हिशेबात धरा. विणाईवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरू नका.

इथे पुष्कळजण ‘रँड’ (कुठलाही आकडा उचलून देणारं फंक्शन) वापरून हजार काल्पनिक वर्षं तयार करायला धावतात. २४ महिन्यांतून प्रत्येक वेळी कुठलाही एक महिना उचलला तर मंदीचे महिने तेजीत मिसळून जातात आणि वर्ष आहे त्यापेक्षा सपाट दिसतं. प्रत्यक्षात मंदी येते ती तीन-चार महिने सलग. त्यापेक्षा सलग बारा महिन्यांची खिडकी सरकवा: २४ महिन्यांत अशा १३ खिडक्या बसतात. तेराही मांडा, सगळ्यात वाईट खिडकीत चढती बेरीज कुठवर खाली जाते ते पाहा. ‘रँड’ची गरजच उरत नाही, आणि एफ९ दाबल्यावर दर वेळी उत्तर बदलण्याचा वैतागही टळतो.

पाच वर्षांचं गणित

हप्ता भरून महिन्याला किती उरतं हा रोखीचा प्रश्न झाला. ३० लाख इथे गुंतवणं परवडतं का, हा वेगळा प्रश्न, आणि त्यात हप्ता धरायचा नाही. व्याज आपण परताव्याच्या दरात मोजतो. हप्ताही धरला तर तेच व्याज दोनदा कापलं जातं.

दर १४ टक्के धरू, कारण कर्ज ११ ने असलं तरी स्वतःच्या साडेसात लाखांना त्याहून जास्त मिळायला हवं. मागाला खरोखर ९० टक्के काम मिळालं तर हप्त्याआधीची बचत वर्षाला ७,३४,१९६. पाच वर्षांनी माग १२ लाखांना विकले जातील असं धरलं तर आजच्या किमतीत निव्वळ फायदा १.४४ लाख. ८० टक्के कामावर तोच उणे ४.४८ लाख.

पुढच्या रकमांची आजची किंमत काढणाऱ्या ‘एनपीव्ही’ फंक्शनमध्ये एक खाच आहे. पहिली रक्कम वर्षाच्या शेवटी येते असं ते धरतं. आज द्यायचे ३० लाख त्याच्या कंसात घातले की त्यांनाही एक वर्षाची सूट मिळते आणि उत्तर १.२६ लाख येतं. गुंतवणूक कंसाबाहेर ठेवा:

= −३०००००० + एनपीव्ही(१४%, पहिलं वर्ष : पाचवं वर्ष)

पाच वर्षांनंतरची विक्रीकिंमत हा दुसरा निसरडा आकडा. ती शून्य केली तर ९० टक्के कामावरही ४.७९ लाखांचा तोटा. ‘गोल सीक’ सांगतं, ती किमान ९.२३ लाख यायला हवी. म्हणजे या व्यवहाराची बाजू पुष्कळशी जुन्या मागाच्या बाजारावर टिकली आहे. त्या जातीच्या मागाचे सुटे भाग पाच वर्षांनी मिळतील का, हे फिटरला विचारणं त्या हिशेबाचाच भाग. घसाऱ्यामुळे आयकरात पडणारा फरक सीएकडून वेगळ्या ओळीत भरून घ्या.

चुका कुठे लपतात

सगळ्यात जुनी चूक म्हणजे ओळ वाढते, बेरीज वाढत नाही. २५ वा महिना खाली जोडला, सूत्र मात्र २४ वरच थांबलं. हे फक्त कारकुनाच्या हातून होतं असं नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या शोधनिबंधात सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच संपलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गळाले. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला ते सापडलं आणि २०१३ मध्ये जगजाहीर झालं, तोवर त्या निबंधाचा हवाला मोठमोठे मंत्री देत होते. उपाय दोन: नोंदींना ‘टेबल’ करून घ्या, म्हणजे नवी ओळ आपोआप सूत्रात येते, आणि शेजारी ‘काउंट’ने ओळींची संख्या दाखवणारी सेल ठेवा.

एककांची गफलत दुसरी. ग्रॅम-किलो, इंच-सेंटिमीटर, महिना-वर्ष. ७५ टक्क्यांऐवजी ७५ टाकलं तर शंभरपट माल निघतो, ते दिसतं. नग आणि डझन यांची अदलाबदल मात्र पटकन दिसत नाही. तिसरी, ‘सर्क्युलर रेफरन्स’ची सूचना. ती बंद करायचं बटण आहे म्हणून बंद करू नका, सूत्र फिरून स्वतःकडेच बघतंय ते शोधा. चौथी, फाइलच्या प्रती: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’. नावात तारीख घाला आणि काय बदललं ते पहिल्या शीटवर एका ओळीत लिहा.

माग आल्यावर

मॉडेल तिथे संपत नाही. मागावर कुठला माल घ्यायचा हा पुढचा प्रश्न, आणि त्यात किलोमागचा फायदा फसवतो. बाथ टॉवेलला किलोमागे २० रुपये सुटतात आणि माग ताशी ४.२२ किलो देतो: ताशी ८४ रुपये. नॅपकिनला किलोमागे २८ सुटतात, पण ताशी अडीच किलोच निघतात: ताशी ७०. तास तेवढेच असताना ताशी रुपये बघायचे. मागाचे तास हे एकच बंधन असेल तर एवढा कॉलम पुरतो. तास, रंगाईची क्षमता आणि सुताचा कोटा अशी तीन-चार बंधनं एकदम आली की मग ‘सॉल्व्हर’ (अनेक बंधनांत सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारी एक्सेलची सोय) शिकायला घ्या, त्याआधी नाही.

आणि ‘महिने’ शीटला आणखी चार कॉलम जोडा: प्रत्यक्ष एफिशियन्सी, प्रत्यक्ष किलो, प्रत्यक्ष युनिट, आणि त्या महिन्यात बाहेर चालू असलेली मजुरी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पिक काउंटर आणि वीजबिलावरून भरा. सलग तीन महिने एफिशियन्सी धरल्यापेक्षा पाच टक्क्यांनी कमी आली, तर ‘माहिती’तला ७५ पुसून खरा आकडा टाका आणि तिसऱ्या मागाची बोलणी तिथेच थांबवा.